माझ्या खुर्चीवरचं पांढरं पीस

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला आणि सांगितलं, की मला सर्दी झाली आहे, उद्याचं ऑपरेशन जमणार नाही. एवढंच. सर्दी झालेली नव्हती. पण मी फोनवर दोनदा शिंकून दाखवलं आणि पलीकडची पोरगी म्हणाली, "काळजी घ्या हं, राजा." (आमच्या यॉर्कशायरात अनोळखी पोरीसुद्धा म्हाताऱ्याला राजा म्हणतात. त्याला काही अर्थ नसतो. तरुणपणी मी एकदा त्यातून अर्थ काढला, तर माझं लग्न झालं.)

हा एक फोन. पुढे जे रामायण झालं ते सगळं त्या दोन शिंकांमधून.

मी एनॉक सगडेन. वय अठ्ठ्याहत्तर. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, आणि मास्तरांनीही काही आग्रह केला नाही. पुढे चाळीस वर्षं गिरण्यांच्या धुराड्यांवर चढायचं काम केलं. दोनशे फूट उंच विटांचं धुराडं असायचं. त्याला खालून शिड्या बांधत बांधत वर जायचं, सैल झालेल्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या आणि दुपारी तिथंच काठावर बसून, पाय खाली सोडून सँडविच खायचं. अशा माणसाला मोतीबिंदूची भीती वाटते हे गावाला कळलं असतं, तर मला गाव सोडावं लागलं असतं.

कारण आमचं गाव कसं आहे ते सांगतो. आमच्या भाषेत हिमतीला शब्द मोजके आणि भित्रेपणाला पोतंभर. शूर माणूस सिंह असतो आणि त्याला आतडी असतात, संपलं. (आतडी सगळ्यांनाच असतात, पण आमच्याकडे फक्त शूरांची धरतात.) भित्र्या माणसाची मात्र नुसती रास. तो कोंबडी, तो उंदीर, तो जेली. तो पिवळा. त्याचं यकृत लिलीच्या फुलासारखं पांढरंफटक. ऐन वेळी त्याचे पाय गार पडतात. ऐन वेळी त्याची बाटली हरवते. कुठली बाटली, कुणाची, कुणाला माहीत नाही, पण हरवते. आणि दारू पिऊन जी हिंमत येते तिला आम्ही डच हिंमत म्हणतो. पिणार आम्ही, बदनाम डच.

हे सगळे शब्द मी शाळेत शिकलो नाही. सिरिल थ्वेटवर वापरून वापरून ते माझ्या जिभेवर बसले.

सिरिल माझ्याच वर्गातला. एकविसाव्या वर्षी आम्ही दोघं एकाच दिवशी धुराड्याच्या कामाला लागलो. मी वरपर्यंत गेलो. सिरिल दहाव्या पायरीपर्यंत गेला, शिडीला मिठी मारून पाच मिनिटं उभा राहिला आणि खाली उतरला. दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर दुधाच्या बाटल्या पोचवायला लागला, तो निवृत्त होईपर्यंत. तेव्हापासून तो क्लबात शिरला, की मी कोंबडीसारखा आवाज काढतो. सत्तावन्न वर्षं झाली. माझ्या मते गंमत अजून शिळी झालेली नाही.

त्या पहिल्या दिवसाचा माझा फोटो आमच्या कामगार क्लबाच्या भिंतीवर आहे. धुराड्याच्या टोकावर मी उभा, एक पाय हवेत, हातात चहाचा मग. मुकादमानं शेजारच्या शिडीवरून काढलेला. मूळ फोटो काडेपेटीएवढा होता. पाच वर्षांपूर्वी क्लबाची शंभरी झाली, तेव्हा सिरिलनंच तो दरवाजाएवढा करून लावला. माझ्या डोळ्यांत तोवर धुकं उतरलं होतं, मला नुसताच काळापांढरा ढग दिसला. पण सगळे म्हणाले, "झकास आलायस!" मी म्हटलं, येणारच. त्या दिवशी वरून मला काय काय दिसलं ते मी आजवर किमान हजार वेळा सांगितलं असेल : दोन नद्या, तीन गावं, आणि सिरिलच्या आईचे दोरीवर वाळत घातलेले परकर.

तर मोतीबिंदू. दवाखान्यातून पत्रक आलं होतं, ते माझ्या बायकोनं, म्युरिएलनं, नाश्त्याच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि मग ती म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी तुम्ही जागे असाल."

माझ्या हातातला चमचा अंड्यात तसाच राहिला.

"जागा?"

"जागा."

"म्हणजे डोळ्यात सुरी येताना मी ती बघायची?"

"थेंब घालतात, एनॉक. काही कळत नाही म्हणे. बायका पोरं जन्माला घालतात, त्यांना कुणी विचारतं का जागी आहेस का?"

(म्युरिएलशी कुठलाही वाद शेवटी बाळंतपणावर जातो. मला तिथे बोलायला तोंड नसतं.)

धुराड्यावर नियम एकच असतो, खाली बघायचं नाही. इथं बघायच्या जागेवरच सुरी! म्हणून मी तो फोन केला. आणि म्युरिएलला सांगितलं, "दवाखान्यानंच पुढे ढकललं. त्यांचं मशीन बिघडलंय."

फेब्रुवारीत दुसरी तारीख आली. मी परत फोन केला आणि सांगितलं, की आमचं मांजर वारलं. आमच्याकडे मांजर नाही. म्युरिएलला सांगितलं, "डॉक्टरच आजारी पडला."

माझी अपेक्षा होती की ती सुस्कारा टाकेल आणि चहा ठेवेल. पण म्युरिएलचे माझ्यामुळे खरंच हाल चालले होते. मी तिच्या चहात मीठ घालत होतो. खुंटीवरच्या कोटाला सुप्रभात म्हणत होतो. रविवारच्या जेवणात सफरचंदाच्या पायवर कस्टर्डऐवजी मटणाचा रस्सा ओतला आणि हट्टानं खाऊन संपवला. क्लबाच्या डॉमिनो संघात मी सहा ठिपक्यांची सोंगटी चार म्हणून लावली आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा आम्ही शेजारच्या गावाकडून हरलो. त्याहून वाईट गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. म्युरिएलचा चेहरा मला दिसेनासा झाला होता. जवळ आली तरी धुक्यातल्या दिव्यासारखी दिसायची. ती रागावलीय का हसतेय, हे मला आवाजावरून ओळखावं लागायचं, आणि तिचा दोन्ही वेळचा आवाज सारखाच आहे. चष्मेवाला सांगून गेला होता, आणखी सहा महिने असेच घालवलेस, तर एकट्यानं रस्ता ओलांडायचं विसर.

म्युरिएलनं सुस्कारा टाकला नाही. तिनं कागद काढला.

"दोनदा!" ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोनदा परत पाठवतात! मी गप्प बसणार नाही."

"जाऊ दे गं. त्यांनाही अडचणी असतात."

"तू फार सहनशील आहेस, एनॉक."

लग्नाच्या बावन्न वर्षांत ती मला पहिल्यांदा सहनशील म्हणाली. इतकं बरं वाटलं, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांत तिचा अर्ज तयार झाला. वर मोठ्या अक्षरांत, 'एनॉक सगडेनचे डोळे : आता पुरे!' आणि खाली सह्यांच्या रेघा. एक प्रत टपाल कचेरीत, एक चर्चच्या दारात, एक मासे-चिप्सच्या दुकानात, व्हिनेगरच्या बाटलीखाली दाबून. आठवडाभरात एकशे बारा सह्या. गावातली माणसं रस्त्यात थांबवून माझा हात दाबायची. "धीर सोडू नका, मिस्टर सगडेन." मी धीरानं मान हलवायचो. रविवारी दुपारी क्लबात सगळ्यांसमोर अर्ज वाचायचा आणि सोमवारी दवाखान्याच्या साहेबाच्या टेबलावर आपटायचा, असं ठरलं. आणि तो साहेब वही उघडून म्हणणार : बाई, तुमचं मांजर गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात पिसं यायला लागली.

त्या सोमवारी मी जाकीट चढवून क्लबात निघालो होतो. आमची मुलगी लॉर्ना लांब राहते. तिनं नाताळात मला ते पाठवलं होतं, लाल, टम्म फुगलेलं. ते घातलं, की मी गुंडाळून ठेवलेल्या गादीसारखा दिसतो, पण उबेला एक नंबर. मी घरात हीटर लावू देत नाही, त्यामुळे मी ते घरातही घालतो. तर फाटकातून बाहेर पडताना मागे कुठेतरी 'टर्र' असा आवाज झाला. मी लक्ष दिलं नाही. या वयात अंगातून बरेच आवाज येतात.

क्लबात माझी नेहमीची खुर्ची आहे. तिथे बसलो, मग उठून ग्लेनिसकडून बियर आणली. (ग्लेनिस आमच्या क्लबाचा बार बघते. म्हणजे आम्हालाही तीच बघते.) परत आलो, तर खुर्चीवर काहीतरी पांढरं. हातानं चाचपलं, मऊ लागलं. डोळ्यांपासून दोन इंचांवर धरलं.

पांढरं पीस.

आता दुसऱ्या कुठल्या देशातला माणूस असता तर त्यानं ते फुंकून टाकलं असतं आणि बियर प्याला असता. पण मी पडलो यॉर्कशायरचा. आमच्याकडे पांढऱ्या पिसाचा अर्थ आजोबांच्या काळापासून एकच. पहिल्या महायुद्धात जो तरुण गणवेशात दिसत नसे, त्याला बायका भर रस्त्यात गाठून पांढरं पीस देत. म्हणजे तू भित्रा आहेस, बोलायचीही गरज नाही. माझ्या आजोबांना ते ट्राममध्ये मिळालं होतं. खरं तर ते जखमी होऊन रजेवर आले होते, पण पँटआडचं गोळीचं भोक बाईला कसं दाखवणार? त्यांनी ते पीस घेतलं, त्यानं पाइप साफ केला आणि तिला "आभारी आहे, मॅडम" म्हणाले. घरी येऊन मात्र दोन दिवस जेवले नाहीत.

मी पीस मुठीत दाबलं. कुणाला तरी कळलं होतं.

बुधवारी चिप्सच्या दुकानात वळून बघतो, तर जिथं मी टेकून उभा होतो तिथं, अर्जाच्या शेजारीच, दुसरं पीस. शनिवारी चर्चमध्ये कुणाचं तरी लग्न होतं. प्रार्थनेला गुडघ्यावर बसून उठलो, तर बाकावर तिसरं आणि चौथं. देवाच्या घरातसुद्धा! आणि रविवारी सकाळी, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच खुर्चीवर पाचवं. मी दाराच्या कड्या तपासल्या. मग म्युरिएलकडे संशयानं बघितलं, पण दिसली नाही, म्हणून सोडून दिलं.

पिसं मी तंबाखूच्या डबीत लपवून ठेवली आणि डोकं लढवलं. क्लबात कोण होतं? सिरिल थ्वेट. चिप्सच्या दुकानात माझ्या मागे रांगेत कोण होतं? सिरिल. चर्चमध्ये घंटा कोण वाजवतो? सिरिल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बायको गेल्यापासून सिरिल आपल्या गाडीतून म्हाताऱ्या रुग्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात फुकट नेतो-आणतो. तारखांचे कागद त्याच्या हातात असतात! सत्तावन्न वर्षं कोंबडीचा आवाज ऐकून घेतला आणि आता पिसं परत करतोय. मला तर त्या शांतपणाचं कौतुकच वाटलं. संताप तर आलाच.

रविवारी दुपारी क्लब गच्च भरला होता. मधल्या टेबलावर म्युरिएल अर्ज पसरून बसली होती. चष्मा लावून तिनं घसा खाकरला. एवढ्यात दारातून सिरिल आला आणि सवयीनं क्षणभर थांबला, माझा कोंबडीचा आवाज होऊन जावा म्हणून.

मी आवाज काढला नाही. मी उठलो, डबी उघडली आणि पाचही पिसं टेबलावर, अर्जावर ओतली.

"हे काय आहे, सिरिल?"

सिरिल वाकला. "पिसं दिसतायत."

"कुणाची?"

"पाखराची असावीत, एनॉक."

"नाटकं करू नकोस! मर्द असशील तर तोंडावर बोल. खुर्चीवर काय ठेवतोस?"

"मी काही ठेवलं नाही."

"मग तुला सोडून इथं कुणाला माहीत आहे, की दवाखान्यानं तारीख बदललेलीच नाही, दोन्ही वेळा मीच फोन करून रद्द केली? सर्दी! आणि मांजर!"

ग्लेनिसच्या हातातला नळ चालूच राहिला. बियर ग्लासातून बाहेर, ग्लासातून ट्रेमध्ये, ट्रेमधून जमिनीवर पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"मला नव्हतं माहीत," सिरिल सावकाश म्हणाला. "आता झालं."

"सगळ्यांनाच झालं," ग्लेनिस म्हणाली आणि नळ बंद केला.

"कसलं मांजर?" मागून कुणीतरी विचारलं.

मी म्युरिएलकडे वळलो. लाल-पांढऱ्या धुक्यात तिचा चष्मा चमकत होता. टेबलावरचं एक पीस उचलून तिनं बोटात फिरवलं, मग माझ्या मागे कुठेतरी बघितलं, आणि मला वाटतं तिचे खांदे हलले. रडतेय असं मला वाटलं. आयुष्यात इतका लाजलो नव्हतो.

"म्युरिएल, मी..."

"बस खाली."

बसलो.

"भीती वाटली?" तिनं विचारलं.

सत्तर माणसं होती. भिंतीवर मी स्वतः होतो, दरवाजाएवढा. मी म्हटलं, "हो."

एवढासा शब्द, पण तो काढायला दोनशे फूट चढल्याचा दम लागला. आता सगळे कोंबडीचा आवाज काढणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. कुणीही काढला नाही. ते जास्त वाईट.

सिरिल माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "गुरुवारी माझ्या गाडीत एक जागा रिकामी आहे. पार्किनबाई येत नाहीयेत. त्यांना सर्दी झालीय."

"खरी?" ग्लेनिसनं विचारलं.

"खरी. मी उद्या दवाखान्यात बोलून बघतो, ती वेळ एनॉकला देता येईल का म्हणून. माझा डोळा केला तेव्हा मीही घाबरलो होतो, एनॉक. सुरी दिसत नाही. नुसते रंग दिसतात."

"तू घाबरलास त्यात काय नवल?" मी म्हटलं. (मला माहीत आहे. पण सत्तावन्न वर्षांची सवय एका दुपारी जात नाही.)

"नवल नाहीच," सिरिल म्हणाला. "मला घाबरायची सवय आहे, त्यामुळे सोपं गेलं. तुला नाही, म्हणून तुला जड जातंय. त्या दिवशी दहाव्या पायरीवर मी पाच मिनिटं उभा होतो, आठवतं? वर जाणं सोपं होतं रे. खाली तुम्ही तीस जण कोंबड्यांसारखे ओरडत उभे होतात. त्या तीस जणांत उतरायला पाच मिनिटं लागली."

मी टेबलावरची रिकामी डबी बंद केली.

म्युरिएलनं अर्जाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं : 'मी, एनॉक सगडेन, गुरुवारी ऑपरेशनला जाणार आहे.' माझं बोट रेघेवर ठेवून माझ्याकडून सही करून घेतली. मग साक्षीदार म्हणून क्लबातल्या सगळ्यांनी सह्या केल्या. चौसष्ट. बाकीच्या सहा जणांना हसू आवरत नव्हतं म्हणून त्यांचा हात हलत होता.

वेळ मिळाली. गुरुवारी सकाळी गाडीत बसल्यावर माझे पाय खरोखर गार पडले. दोन मोजे घातले होते तरी.

"सिरिल, बाटली आहे का काही?"

सिरिलनं थर्मास दिला. घोट घेतला. चहा, तोही तीन चमचे साखरेचा. डच लोकांचा कुठे वासही नाही.

"पाजून आणलं तर परत पाठवतात," तो म्हणाला.

दवाखान्यात एका पोरगेल्या नर्सनं माझं जाकीट काढून घेतलं, खुर्चीकडे बघितलं आणि हसत विचारलं, "राजा, तुम्ही कोंबड्या पाळता का हो?"

बातमी इथपर्यंत पोचली होती तर! मी ताठ मानेनं म्हटलं, "पोरी, काय बोलायचं ते बोल. सही केलीय, मागे हटणार नाही." त्या बिचारीनं माझ्या केसपेपरवर काहीतरी लिहिलं.

थेंब घातले. तोंडावर कापड आलं, वर दिवा. मी जागा होतो. दुसऱ्या कुणीतरी माझा हात धरला होता आणि सांगितलं होतं, त्रास झाला तर दाबा. मी सुरुवातीपासूनच दाबला. थोड्या वेळानं तो हात सुटला आणि दुसरा आला. पहिल्या हाताला विश्रांती हवी होती, असं नंतर कळलं. सुरी दिसली नाही. रंग दिसले, सिरिल म्हणाला होता तसे, पाण्यावर तेल पसरावं तसे. वीस मिनिटांत संपलं. मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्युरिएलनं माझ्या डोळ्यावरचं झाकण काढलं.

समोर ती होती. तिच्या भुवया, तिच्या नाकावरचा तीळ, आणि गालांवर कितीतरी नव्या सुरकुत्या, ज्या मला न दाखवताच तिनं गोळा केल्या होत्या.

"म्युरिएल," मी म्हटलं, "तू म्हातारी झालीस!"

"आरसा तिकडे आहे," ती म्हणाली. पण ती रडत होती, आणि ते मला आवाजाशिवाय कळलं. मग मीही थोडा खोकलो. भिंतीचा कागद पिवळसर आहे अशी माझी समजूत होती, तो गुलाबी निघाला. किटलीत माझं नाक दिसलं. आणि मग दारामागच्या खुंटीवर माझं लाल जाकीट दिसलं. त्याची पाठ खांद्यापासून कंबरेपर्यंत उसवलेली होती, आणि त्या फटीतून छोटी छोटी पांढरी पिसं डोकं बाहेर काढून उभी होती. एक तर माझ्या डोळ्यांदेखत सुटलं आणि गिरक्या घेत खाली, माझ्या खुर्चीवर येऊन बसलं.

मी ते उचलून हातभर लांब धरलं, तरी त्याचा तंतू न तंतू दिसला. ऑपरेशन उत्तम झालं होतं, यात शंका नाही.

"यात काय भरलंय?" मी विचारलं.

"बदकाची पिसं. लॉर्नानं चिठ्ठीत लिहिलं होतं."

"मला वाचता येत नव्हतं!"

"मी वाचून दाखवली होती. तुला ऐकायचं नव्हतं. जाकीट उसवलंय, शिवून देते, हेही दोनदा सांगितलं. तू म्हणालास, कटकट करू नकोस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"रविवारी क्लबात तू पिसं ओतलीस तेव्हा कळलं. तू समोर तावातावानं भांडतोयस आणि मागे तुझ्या पाठीतून सहावं खाली पडतंय. मला हसू आवरेना."

"मग तिथंच का नाही सांगितलंस?"

म्युरिएलनं चहा ओतला. माझ्या कपात साखर घातली, मीठ नाही, मी स्वतः बघितलं. "सांगितलं असतं तर तू गुरुवारी गेला असतास? सोमवारी शिवणार होते जाकीट. मग म्हटलं, गुरुवारपर्यंत गळू दे."

आता सिरिलची माफी मागणं भाग होतं. माफी मागायला किती हिंमत लागते याला आमच्या भाषेत शब्दच नाही, बहुधा कुणाला फारशी गरज पडली नसावी. दुपारी मी क्लबात गेलो, खिशात एक पीस घेऊन. सिरिल बसला होता. मी पीस त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "जाकिटाचं होतं."

"माहीत आहे," सिरिल म्हणाला. "काल माझ्या गाडीची मागची सीट झाडली मी."

"तर मग... तेच. ते धुराड्याचं वगैरे. सत्तावन्न वर्षांचं. राहू दे आता."

"बरं," सिरिल म्हणाला.

यॉर्कशायरमध्ये एवढ्यावर माफी मागून झाली आणि मिळूनही झाली. मी हलका होऊन ग्लास उचलला, भिंतीकडे वळलो, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा माझा फोटो बघितला. दरवाजाएवढा. स्वच्छ. प्रत्येक वीट दिसत होती. मगातल्या चहाची वाफ दिसत होती. हवेतला पाय, फुगवलेली छाती, ताठ मान.

आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले. लहान पोर कडू औषध पिताना मिटतं तसे.

मी ग्लास खाली ठेवला. "सिरिल. हे... हे आधीपासूनच असं आहे?"

"मोठा केला तेव्हापासून. लहान फोटोत कळत नव्हतं."

"कुणा-कुणाला माहीत आहे?"

"मी रोज पुसते तो," ग्लेनिस बारमागून म्हणाली. "काचेवरून, डोळ्यांवरून."

"पाच वर्षं! आणि मी इथं बसून दोन नद्या, तीन गावं सांगतोय, आणि तुम्ही ऐकून घेताय?"

"आईच्या परकरांचं ऐकायला आवडायचं मला," सिरिल म्हणाला. "तिच्याकडे परकर नव्हतेच. पण तू वर्णन झकास करायचास." मग त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, तू शेवटपर्यंत चढलास ना? डोळे मिटून का होईना."

त्यानं हात उचलला, तर त्याच्या तळव्याला पीस चिकटलं होतं.

उजव्या डोळ्याची तारीख आली आहे, मे महिन्यातली. मी कुणालाही फोन केलेला नाही. आमच्या घरात फोन आता म्युरिएलच्या कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली सिरिलकडे.